प्लेटमध्ये किडनीच्या पेशी जगल्या, मग मावशीची फाकी चालू ठेवायची का?

कमाटीबागची_पोर

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातच एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बायोकेमिस्ट्री. प्रश्न अर्धा लॅबचा आहे आणि अर्धा घरचा, म्हणून आधी इथे विचारते.

माझी मावशी प्रतापनगरला राहते, वय ६४. गुडघ्यांनी हैराण. आमच्याकडे दोन जिने चढून आली की पहिली दहा मिनिटं बोलतच नाही, नुसती बसून राहते. गेल्या गणपतींपासून ती कोणा ओळखीच्या माणसाकडून सांधेदुखीची फाकी घेते. प्लॅस्टिकचा डबा, लेबल नाही, झाकणावर फक्त एक चिठ्ठी चिकटवलेली: ‘सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा, कोमट पाण्यातून’. रंग तपकिरी, वास सुंठ आणि ओव्याचा, जिभेवर शेवटी कडवट. आठ दिवसांत तिचे गुडघे मोकळे झाले. नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात तिने दोन फेऱ्या घेतल्या, आम्ही सगळे बघत राहिलो. त्यामुळे फाकीविरुद्ध एक शब्द काढला तरी तिला राग येतो.

पण महिन्याभरापासून तिचे पाय सुजतायत. संध्याकाळी बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. आई म्हणाली, “तुझ्या लॅबमध्ये किडनीच्या पेशी वाढवता ना? मग ती पावडर त्यांना घालून बघ की, एकदाचं कळेल तरी.”

माझ्या डिझर्टेशनचा विषय तसाही वनस्पतींच्या अर्काची विषारीपणा तपासणी हाच आहे. म्हणून डब्यातली २० ग्रॅम पावडर मेथॅनॉलमध्ये भिजवली, अर्क वाळवला, डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. पेशी एचईके-२९३, किडनीच्या म्हणून मिळतात त्या. ९६ वेलची (खड्ड्यांची) प्लेट, एका वेलमध्ये १०,००० पेशी. एक दिवस त्यांना चिकटू दिलं, मग डोस दिले, २४ तासांनी एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी मोजायची रंगाची चाचणी. ५७० नॅनोमीटरला रीडिंग. अर्क न घातलेल्या पेशींच्या तुलनेत जिवंत पेशींचं प्रमाण असं आलं: मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅमला ९८ टक्के, १०० ला १०४, २५० ला ११२ आणि ५०० ला १२१. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे पेशी नक्की मरतील अशा तुलनेसाठी, सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध २० मायक्रोमोलर ठेवलं होतं. तिथे ८८ टक्के जगल्या. सिस्प्लॅटिनचा स्टॉक आमच्या फ्रीजरमध्ये आधीचाच होता, डीएमएसओमधला.

सरांनी अजून आकडे पाहिलेले नाहीत. मावशीला मात्र आईकडून कळलं, आणि ती म्हणाली, “बघ, तुझ्या मशीननेच सांगितलं, माझी फाकी चांगली आहे.” मला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण का ते नीट सांगताही येईना. इतक्या पेशी जगल्या तर फाकी निर्धोक असं म्हणायचं का? आणि प्लेटमध्ये काही चुकलं असेल तर कुठे?

रावपुऱ्याचा_केमिस्ट

ताई, पेशींचं मला कळत नाही, पण काउंटरवर ३० वर्षं उभा आहे. जुनी गुडघेदुखी आठ दिवसांत गेली हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. सुंठ-ओव्याने थोडा आराम पडतो, पण असा नाही. असल्या बिनलेबलच्या फाकीत डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी कुटून घातलेली असते, नाहीतर स्टिरॉइड. दोन्ही घातलेलंही असतं. नावाजलेल्या वैद्यांना मी यात ओढत नाही. ते औषधाचं नाव सांगतात, लिहून देतात. नाव न सांगता डबा देणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दोन गोष्टी विचारा. मावशींचा चेहरा गोल, भरल्यासारखा झालाय का, आणि साखर वाढली आहे का? आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव काय? हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

कमाटीबागची_पोर

काका, चेहरा नाही, पण बीपी आहे. आत्ताच तिच्या डब्यातली पट्टी पाहिली: तेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, सकाळी एक.

जुनी_लॅबवाली

बाळ, आधी घरचं. उद्या सकाळी मावशींचं रक्त दे: क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते दाखवणारा आकडा), पोटॅशियम, साखर. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातं तेही. फाकी आजपासून बंद. बरेच महिने घेतली आहे आणि आत स्टिरॉइड असलं तर ते एकदम तोडूनही त्रास होतो, म्हणून उद्याच डॉक्टर गाठा आणि डबा तसाच त्यांच्या टेबलावर ठेवा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्यांना ठरवू दे. केमिस्टकाकांनी गोळीचं नाव का विचारलं ते खाली येईल.

आता प्लेट. मी बावीस वर्षं पेशी वाढवल्या, बडोद्याजवळच्या एका औषध कंपनीत. त्याआधी चार वर्षं उंदरांवर काम केलं. उंदीर मारून किडनी काढायची, स्लाइड करायची, पुढचा उंदीर. म्हणून पेशींवरच्या तपासणीबद्दल मला मनापासून ममता आहे. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या २०१४ साली बंद झाल्या. २०२३ च्या मार्चमध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशी आणि चिपवरच्या (छोट्या चिपवर पेशी वाढवून करायच्या) पद्धतींना जागा मिळाली, त्या दिवशी मी घरी शिरा केला होता. तेव्हा पुढे जे लिहिते ते या पद्धतीच्या विरोधात नाही. ती चांगली आहे म्हणूनच तिच्याकडून खोटी साक्ष घेऊ नये असं मला वाटतं.

माझी नजर पहिली गेली ती १२१ वर. विष घातल्यावर पेशी शंभराच्या वर कशा जातील? एमटीटी हा पिवळा रंग. जिवंत पेशीतली एन्झाइमं त्याचे जांभळे स्फटिक करतात. जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत, असं आपण धरतो. पण सुंठ, हळद, हिरडा यांतली द्रव्यं पेशी नसतानाही तेच काम करतात. तुझा अर्क जसा वाढला तसं जांभळंही वाढलं. पेशी मेल्या असतील आणि अर्कानेच त्यांचा आकडा भरून काढला असेल, हे तुझ्या प्लेटवरून ओळखताच येत नाही. आजच एक ओळ लाव: पेशी नाहीत, फक्त मीडिया (पेशींचं खाद्यपाणी), अर्क आणि एमटीटी. ती जांभळी झाली तर सगळे आकडे बाद. मग अर्क काढून पेशी दोनदा बफरने धुऊन एमटीटी घाल. आणि सोबत न्यूट्रल रेडही कर, त्यात जिवंत पेशी रंग आपल्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या बारीक पिशव्यांत) ओढून घेते, तिथे हा गोंधळ होत नाही. शिवाय इतकी साधी गोष्ट: इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली बघ. पेशी पसरून बसल्यात की गोळे होऊन तरंगतायत? आकड्याच्या आधी डोळा.

दुसरं सिस्प्लॅटिन. हे डीएमएसओमध्ये कधी विरघळवायचं नसतं. डीएमएसओ त्यातल्या प्लॅटिनमला जाऊन चिकटतो, क्लोराइड सुटतं आणि औषधाची धार जाते. कितीतरी लॅबमध्ये ही चूक वर्षानुवर्षं चालते, कारण बाकी सगळं आपण डीएमएसओमध्येच विरघळवतो. ०.९ टक्के सलाइनमध्ये ताजं कर, बाटलीला फॉइल गुंडाळ. आणि हे लक्षात ठेव की ज्या प्लेटमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोलच मारत नाही, त्या प्लेटवरून काहीच बोलायचं नसतं. तुझी ही प्लेट आहे तशी फाइलमध्ये लाव, पण तिचा निष्कर्ष लिहू नकोस.

तिसरं म्हणजे एचईके. नावात किडनी आहे म्हणून आपण फसतो. १९७३ साली हॉलंडमधल्या लायडन इथे फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या किडनीच्या कल्चरमध्ये अडेनोव्हायरसचा डीएनए घालून ही लाइन, म्हणजे लॅबमध्ये कायम वाढत राहणारी पेशींची जात, मिळवली. तो त्यांचा २९३ वा प्रयोग, म्हणून तो आकडा. पण पुढे तपासलं तेव्हा त्या पेशींत चेतापेशींची (नर्व्हच्या पेशींची) प्रथिनं सापडली. वाढायला सोप्या, बाहेरचा जीन पटकन घेतात, म्हणून साऱ्या जगात आहेत. किडनीच्या नळीचं काम मात्र त्या करत नाहीत.

आणि किडनीला विष बाधतं ते बहुतेक वेळा त्या नळीतच, सुरुवातीच्या भागात. हृदयातून निघालेलं साधारण पाचवा हिस्सा रक्त किडन्यांकडे जातं, दिवसाला १८० लिटर गाळलं जातं आणि त्यातलं दोन तृतीयांश पाणी ही नळी परत ओढून घेते. पाणी परत जातं, विष मागे राहून घट्ट होत जातं. त्यातून नळीच्या पेशीला औषधं आत ओढायचे खास दरवाजे असतात, ओएटी-१, ओसीटी-२, मेगालिन. दरवाजाच नसेल तर विष आत जाणार कुठून?

याचा सगळ्यात बोलका पुरावा तुझ्याच लॅबच्या फ्रीजमध्ये असेल. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक. वॉर्डात हे इंजेक्शन देताना किडनीची काळजी म्हणून पुढच्या डोसआधी रक्तातली पातळी मिलिलीटरला २ मायक्रोग्रॅमच्या खाली आली का ते बघतात. आणि आपण कल्चरमध्ये जंतू येऊ नयेत म्हणून तेच ५० मायक्रोग्रॅम ओततो, किडनीच्या म्हणवणाऱ्या पेशी त्यात खुशाल वाढतात. माणसाच्या किडनीत मेगालिन ते दिवसेंदिवस गोळा करत राहतं, फ्लास्कमधल्या पेशीत ते दारच जवळजवळ बंद. मला हे समजलं त्या दिवशी मी हुडसमोर (जंतूविरहित कामाच्या कपाटासमोर) बाटली हातात धरून तशीच बसले होते.

यकृताचंही तसंच, तेही प्लेटमध्ये नसतं. डायइथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रावक आठव. १९३७ साली अमेरिकेत त्यात बनवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसं गेली. १९८६ मध्ये मुंबईत तेच मिसळलेल्या भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. सगळ्यांच्या किडन्या बंद पडल्या. पण तेच डायइथिलीन ग्लायकॉल माणसाच्या नळीच्या पेशींवर थेट घातलं तर त्या जगतात! मारतं ते डायग्लायकॉलिक आम्ल, आणि ते घडतं शरीरात, मुख्यतः यकृतात. नुसती पेशी आणि नुसता पदार्थ घेऊन बसलो असतो तर आपण त्या सिरपला पास केलं असतं.

आता मावशींचं, केमिस्टकाकांनी ज्यावर बोट ठेवलं ते. फाकीत डायक्लोफिनॅक असेल असं धर. ते किडनीला त्रास देतं ते पेशी मारून नव्हे. गाळणीकडे रक्त नेणारी बारीक धमनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन वापरतं, वेदनाशामक ते बंद करतं आणि धमनी आक्रसते. तिकडे तेल्मिसार्टनने गाळणीतून बाहेर जाणारी धमनी सैल पडलेली. तिकडे हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी कमी केलेलं. तिन्हीकडून गाळणीतला दाब उतरतो. तुझ्या वेलमध्ये धमनी कुठे आहे? रक्त कुठे आहे? वेदनाशामकाचा हा मार्ग त्या प्लेटला दिसूच शकत नाही, तू कितीही नीट लावलीस तरी. पाय सुजणं याच्याशी जुळतं, म्हणून मी रक्ताची एवढी घाई करते आहे.

आणखी एक: तू मेथॅनॉलचा अर्क घेतलास, मावशी कोमट पाण्यातून अख्खी पावडर गिळतात. फाकीत पारा किंवा शिसं असेल तर ते मेथॅनॉलमध्ये फारसं उतरणार नाही, गाळणकागदावर राहील. तो कागद फेकला नसशील तर जपून ठेव.

कमाटीबागची_पोर

ताई, वाचून हात गार पडले, पण आता कळतंय की मला काय खुपत होतं. सकाळी साडेसातला मावशीला घेऊन जाते. कागद डस्टबिनमध्ये गेला, पण डबा अर्धा भरलेला आहे.

एक विचारू? मग पेशींवर करून मिळतं काय? दरवाजे नाहीत, रक्त नाही, यकृत नाही. माझं डिझर्टेशनच उभं राहील की नाही असं वाटायला लागलंय.

मशीन_नंबर_४

मध्ये बोलतो. मी इथे एका डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे येणाऱ्याला दर फेरीला चार तास, आठवड्यातून तीनदा. एका फेरीत मशीनमधून १२० लिटर पाणी जातं. दोन किडन्या ते काम रात्रंदिवस करतात, आवाज न करता, हे मी नव्या पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगतो. किडनी दुखत नाही. निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनही बऱ्याचदा हलत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी तेवढ्यावर सोडू नका, लघवीची तपासणी आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. आमच्या वेटिंगमध्ये मी सगळ्यांना घरचे डबे, पुड्या, बाटल्या आणायला लावतो. गेल्या वर्षी एका आजींच्या पिशवीतून असले चार डबे निघाले. त्या आता सोमवार-बुधवार-शुक्रवारला येतात. तुमच्या मावशीला ती पाळी यायला नको.

जुनी_लॅबवाली

चार नंबरवाल्या दादांचं बोलणं मावशींना वाचून दाखव.

डिझर्टेशन उभं राहील, नक्की. पेशीला असा प्रश्न विचार की ज्याचं उत्तर तिला देता येतं. ‘ही फाकी माणसाला चालेल का’ याचं उत्तर तिच्याकडे नाही. ‘हे द्रव्य आत आलं तर मी माझं काम करू शकते का’ याचं आहे, आणि फार बारकाईने आहे.

तुला एक दाखवते. एमडीसीके नावाची लाइन असते, १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून काढलेली. शेजारच्या एखाद्या विभागात नक्की असेल, व्हायरसवाले वापरतात. ती फ्लास्कमध्ये पूर्ण भरू दे आणि नुसतं मीडिया बदलत पाच-सहा दिवस राहू दे. मग मायक्रोस्कोपखाली हळूहळू फिरव. सपाट फरशीसारख्या पेशींत मधेच गोल फुगवटे दिसतील, पोळीला फोड यावा तसे. फोकस वर नेलास तर फुगवट्याचा माथा स्पष्ट होतो आणि बाजूच्या पेशी धूसर. त्यांना डोम म्हणतात. पेशी मीठ आणि पाणी वरून खाली ढकलतायत, खाली प्लॅस्टिक आहे, पाण्याला वाट नाही, म्हणून थर उचलला जातो. कुत्री जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली आणि तिच्या पेशी अजून किडनीचं काम करतायत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाताला धरून आणलं होतं.

आता त्यात कॅडमियम क्लोराइड, कॅडमियम या विषारी धातूचा क्षार, थोडंसं घाल. आमच्याकडे असं व्हायचं: एमटीटी अजून नव्वदच्या घरात, मरण वगैरे काही नाही, आणि डोम मात्र बसलेले. कॅडमियम आधी पेशी-पेशींमधले सांधे सोडवतं, मारणं नंतर. थर गळायला लागला की डोम टिकत नाही. जगल्या की मेल्या एवढंच विचारलं असतं तर हे हातातून गेलं असतं. किडनीचं आजारपणही असंच येतं, काम आधी जातं.

म्हणून तुझ्या कामात असं कर. माणसाच्या नळीच्या पेशी हव्यात तर एचके-२ बघ, १९९४ ची लाइन, प्रौढ माणसाच्या किडनीतली. तिच्यातही ओएटी-१, ओएटी-३, ओसीटी-२ हे दरवाजे नाहीत, ते मर्यादा म्हणून स्वच्छ लिही. आरपीटीईसी-टर्ट-१ आणखी चांगली, डोमही करते, पण महाग पडेल. लाइन मागवायची तर पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी-संशोधन केंद्राला विभागाच्या लेटरहेडवर लिहा, मित्राच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणू नका. आल्याबरोबर मायकोप्लाझ्मा तपास, कारण तो जंतू साध्या मायक्रोस्कोपने दिसत नाही आणि स्वतःच एमटीटी जांभळं करतो. पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या बाटलीत वाटल्या तो) बाटलीवर लिही. डीएमएसओ प्रत्येक वेलमध्ये सारखाच, ०.१ टक्क्याच्या आसपास. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये अर्क घालू नकोस, तिथलं पाणी उडतं, नुसतं बफर भरून ठेव. २४ तासांवर थांबू नकोस. भरलेल्या थराला रोज थोडा डोस देत १४ दिवस ने. मावशींनी फाकी एक दिवस नाही घेतली.

आणि प्रबंधात ‘निर्विष’ हा शब्द लिहू नकोस. ‘या पेशींत, या डोसला, इतक्या तासांत, या चाचणीने फरक आढळला नाही’ असं लिही. वाक्य लांब होतं, होऊ दे. आपला ‘नॉन-टॉक्सिक’ हा एक शब्द उचलून कोणी डब्यावर छापला तर त्या डब्याचं आपण काय करणार?

कमाटीबागची_पोर

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, घरात धावपळ होती.

मावशीचं क्रिएटिनिन १.९ आलं, पोटॅशियम ५.६, दोन्ही वाढलेली. डॉक्टरांनी डबा हातात घेतला, वास घेतला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. फाकी बंद, बीपीची गोळी त्यांनी बदलून दिली, पोटॅशियमसाठी औषध आणि खाण्यातले बदल. स्टिरॉइडची शंका होती म्हणून सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) तपासलं, ते ठीक निघालं. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन १.३. पायांची सूज उतरली. चार नंबरवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे लघवीही केली, पुढची तपासणी महिन्याने आहे.

गुडघे परत धरलेत. तिला रडू आलं, मलाही. आता फिजिओथेरपी चालू केली आहे, मांडीचे व्यायाम, आणि मी रविवारी तिच्याकडे जाऊन करून घेते. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतः तिच्या भिशीतल्या दोघींना फोन केले, त्याही तोच डबा घेत होत्या.

केमिस्टकाका, तुमचा अंदाज पाहण्यासाठी विभागात टीएलसी केली, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर द्रव्यं वेगळी करायची चाचणी. फाकीच्या अर्काशेजारी डायक्लोफिनॅकची गोळी विरघळवून लावली. अतिनील दिव्याखाली दोन्हींचे ठिपके एकाच उंचीवर. एका टीएलसीवरून पक्कं म्हणता येत नाही असं सर म्हणाले, ते बरोबरच आहे, म्हणून नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीला) दिला आहे. डब्यात उरलेल्यातली थोडी पावडर धातूंसाठीही बाजूला ठेवली. रिपोर्ट आला की तो घेऊन अन्न व औषध खात्याकडे जायचं आईने ठरवलंय.

ताई, बिनपेशींची ओळ लावली. ५०० ला वेल इतकी जांभळी झाली की दुरून कळत होती. मी सरांना ती प्लेट तशीच उचलून दाखवली. ताज्या सलाइनमधल्या सिस्प्लॅटिनने ४८ तासांत पेशी ३९ टक्क्यांवर आणल्या. जुन्या स्टॉकवर मी लाल पेनाने ‘वापरू नये’ लिहून ठेवलं आहे, टाकायची परवानगी मिळायची आहे. एचके-२ साठी पत्र गेलं.

आणि शेजारच्या विभागातून, मायकोप्लाझ्माचा रिपोर्ट बघून, एमडीसीकेचा एक फ्लास्क रीतसर मागून आणला. पाचव्या दिवशी काही नव्हतं, मला वाटलं माझंच चुकलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी इन्क्युबेटरचं दार लावायच्या आधी एकदा बघावं म्हणून ठेवला तर आठ डोम मोजले. फोटो खाली टाकते. डावीकडचा मोठा आहे तो बघा, त्याचा माथा यावा म्हणून फोकस वर नेलाय, त्यामुळे बाकीच्या पेशी धूसर दिसतायत.